प्रिंटर चालेना, म्हणे लिनक्स वाईट!

नागमोडी
"तीन रात्री घालवल्या, साधा प्रिंटर चालेना. लिनक्स घरात आणू नका." काल इथं कुणीतरी टाकलेलं हे वाक्य, आणि खाली बदामांचा पाऊस. म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या या फुकट सिस्टिमची बाजू लिहितोय.

अहो, प्रिंटर घेताना ऑफर बघितलीत, खोका बघितलात का? त्यावर एअरप्रिंट (अ‍ॅपलची थेट छापायची सोय) छापलं असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा कंपनीचा प्रोग्रॅम, लागतच नाही, लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्स त्याच्याशी थेट आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या भाषेत बोलतं. हे कप्स म्हणजे कुणा हौशी पोराचा उद्योग नव्हे. अ‍ॅपलने २००७ साली विकत घेतलं, मॅकही त्यावरच छापतो. केबलने जोडत असाल तर आयपीपी-यूएसबी पॅकेज टाका, जुना प्रिंटर यादीतून उडवा, परत जोडा. तरी नाही चाललं तर एरर लॉग (चुकांची नोंद) वाचा आणि मग शिव्या द्या.

तहसीलसमोरची ताई
काय सांगता! माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लेझर प्रिंटर २००९चा, आजवर गुणी बाळासारखा चालला. मुलाने लिनक्स टाकलं आणि पडद्यावर आलं "फिल्टर फेल्ड". दारात सातबाऱ्याची गर्दी आणि मी लॉग वाचत बसू? २००९च्या खोक्यावर कुठलं एअरप्रिंट?

नागमोडी
सिस्टिम ६४ बिट आणि कंपनीचा ड्रायव्हर जुन्या ३२ बिट पद्धतीचा असणार. ३२ बिटच्या लायब्रऱ्या (त्याला लागणाऱ्या जोड-फाइली) टाका. दोष कंपनीचा, लिनक्सचा नव्हे.

तहसीलसमोरची ताई
टाकल्या हो मुलाने. संध्याकाळी चालला, सकाळी परत ढिम्म. दोष कुणाचा का असेना, गिऱ्हाईक समोरच्याकडे गेलं.

कागदअडक्या
ताई, तसल्या ड्रायव्हरबरोबर कधी कधी मागे चालणारी एक सर्व्हिस असते, मशीन बंद-चालू केलं की ती आपोआप उठत नाही. मुलाला सांगा, सिस्टिमडीमध्ये (असल्या सर्व्हिस सुरू करणारा लिनक्सचा भाग) एनेबल करून ठेव. आमच्या वाचनालयात याहून वाईट. रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त संगणक आणला, ड्रायव्हर निघाला फक्त इंटेलच्या प्रोसेसरसाठी बांधलेला. सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) नाही, म्हणजे पायच्या एआरएम प्रोसेसरवर कप्पाळ चालणार!

पेन्शनर काका
हे सगळं १९८०च्या सुमाराला एमआयटीत होऊन गेलंय. कागद अडकला की निरोप यावा म्हणून स्टॉलमनने (मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा जनक) जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलला होता. झेरॉक्सचा नवा लेझर आला, त्याचा सोर्स काही मिळाला नाही. तिथून...

कागदअडक्या
काका, पोथी पाठ आहे. कागद अजून अडकतोच.

तहसीलसमोरची ताई
आणि प्रिंट आली तरी काय? वकिलांची जुन्या मराठी फॉन्टातली फाइल उघडली की सगळा रोमन कचरा.

पत्रिकावाला
आता बोललात! बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका जुन्या फॉन्टात आहेत. डाँगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय ते फॉन्टचं पॅकेज उघडत नाही आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनला डाँगल दिसत नाही. प्रिंटरचं काय घेऊन बसलात?

नागमोडी
अवांतर. तरी सांगतो, युनिकोडला, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताला, या. कन्व्हर्टर ढिगाने आहेत.

पत्रिकावाला
आलो होतो. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर, युनिकोडात र् आधी. कन्व्हर्टरने रफार गिळले, चि. हर्षवर्धनचा हषवधन झाला. ४०० पत्रिका माझ्या खिशातून परत छापल्या. मुलाचे वडील दुकानात येऊन जे बोलले ते कुठल्या लॉगमध्ये शोधू?

नागमोडी
प्रूफ न वाचता ४०० छापल्यात? मग त्यात लिनक्स कुठून आलं?

पत्रिकावाला
तोंड सांभाळून. मांडवाला दोन दिवस उरले की प्रूफ कोण वाचतं ते दुकान टाकून बघा. तुमच्यासारखे उपदेश करतात, आम्ही भरपाई करतो.

पेन्शनर काका
भांडू नका, गंमत ऐका. उबुंटू या लिनक्सवर एकाच्या बायकोची तक्रार होती, ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट येत नाही. सगळे हसले. पण निघालं खरं! फाइल ओळखणारा प्रोग्रॅम ठराविक जागी वाराची 'Tue' ही तीन इंग्रजी अक्षरं दिसली की पोस्टस्क्रिप्टला (छपाईच्या फाइलला) अर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल समजायचा.

कागदअडक्या
म्हणजे प्रिंटरलाही मंगळ!

तीन_रात्री
ते गाजलेलं वाक्य माझंच. कारण सापडलं. फायरवॉलने (नको ते संपर्क अडवणाऱ्या प्रोग्रॅमने) प्रिंटर शोधायला लागणारा ५३५३ पोर्ट अडवला होता, प्रिंटर दिसणार कुठून. तेव्हा लिनक्स निर्दोष, नागमोडी महाराज की जय. आता एवढंच सांगा, "नो प्रिंटर्स फाउंड" म्हणणाऱ्याला "फायरवॉल बघ" म्हणायला कुणी बंदी केली होती? माझी आई ५३५३ कुठे शोधणार होती?

नागमोडी
हे मात्र कबूल. तो मेसेज रद्दड आहे. बाकी मत तेच.

पत्रिकावाला
उपकार झाले. डाँगलचं राहिलंच.

तहसीलसमोरची ताई
कागदअडक्याभाऊ, मुलाने ते एनेबल केलं. शनिवारी चालला, आज सोमवारीही चालला. उद्या काय ते बघू.