कसाई शस्त्रक्रिया झालेल्या बाळाचा ताप घरी अंगावर काढावा का?

प्रश्न (देवगड)

माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. बिलिअरी अट्रेझियामुळे, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नलिकाच बंद असल्यामुळे, ६८व्या दिवशी मुंबईत त्याची कसाई शस्त्रक्रिया (कसाई या जपानी सर्जनच्या नावाची, आतडे यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी) झाली. त्यानंतर शी पिवळी होऊ लागली आणि डोळेही निवळले. मात्र गेल्या दीड महिन्यात त्याला दोनदा ताप आला आणि दोन्ही वेळा सर्दीचा ताप म्हणून पातळ औषध मिळाले. कालपासून पुन्हा १०१ ताप आहे, आणि आज सकाळी दुपटे धुताना शी पेजेसारखी फिकट दिसली. सासूबाई काविळीच्या झाडपाल्याचा रस देऊ या म्हणतात. बाहेर पाऊस कोसळतो आहे, मुंबई लांब आहे. दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?

उत्तर (चिपळूण)

ताई, वाट पाहू नका. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, पण ती दहा महिन्यांची असताना असाच ताप आम्ही तीन दिवस घरी काढला आणि चौथ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पुढे दोन आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली, आणि ते तीन दिवस मला आजही सलतात. झाडपाल्याचा रस मुळीच देऊ नका. सासूबाईंची माया मी समजू शकते, पण ही कावीळ त्या काविळीतली नव्हे. आजच्या शीचा फोटो उजेडात काढून ठेवा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी)

वरील सल्ला योग्य आहे. या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडलेला असल्यामुळे आतड्यातील जंतू वर चढून यकृतातील बारीक पित्तनलिकांना संसर्ग होऊ शकतो, आणि पहिल्या दोन वर्षांत हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून अशा बाळाला ताप आला आणि शी फिकट झाली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो पित्तनलिकांचा संसर्गच मानावा. प्रत्येक संसर्गाने यकृत आणखी कडक होत जाते. मुंबईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तुमच्या सर्जनना फोन लावून जवळच्या मोठ्या रुग्णालयात कल्चरसाठी, म्हणजे रक्तातील जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घ्यावे आणि लगेच प्रतिजैविक सुरू करावे.

तापासाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढू शकतो. मग प्लीहा मोठी होते, अन्ननलिकेतील नसा फुगतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर तासाभराचाही उशीर नको. पित्त कमी उतरल्याने अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. त्यांतील के कमी पडले, तर मेंदूतही रक्तस्राव होण्याची भीती असते. त्यामुळे या जीवनसत्त्वांचे थेंब एकही दिवस चुकवू नका.

प्रश्नकर्ती

दुपारीच निघालो. सर्जनांशी फोनवर बोलून जवळच्या रुग्णालयातच दाखल केले आहे, सलाईनमधून पहिला डोस गेला आहे. रस दिला नाही. बिलिरुबिनचा (रक्तातील काविळीच्या प्रमाणाचा) अहवाल उद्या सकाळी मिळेल.