आपण नसतानाही चालणारं गाव: पहिल्या भेटीचे अनुभव

कोथरूड

धागा काढायला कारण माझी भाची. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली आणि माझ्या जुन्या संगणकावर तिला 'व्हर्च्युअल व्हिलेजर्स' सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधीच धावत आली, "मावशी, मी झोपले होते तरी त्यांनी काम केलं!"

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'लास्ट डे ऑफ वर्क' या कंपनीने २००६ मध्ये त्याचा पहिला भाग काढला. ज्वालामुखीच्या उद्रेकातून जीव वाचवून निघालेली थोडी माणसं ईसोला नावाच्या बेटावर पोचतात. पुढचं आपल्याकडे. माणूस उचलायचा आणि कामाजवळ नेऊन ठेवायचा. फळांच्या झुडपाशी ठेवला तर फळं तोडतो, संशोधनाच्या टेबलाशी ठेवला तर शिकायला लागतो, एखादा नुसताच उठून चालायला लागतो. प्रत्येकाच्या आवडीनिवडी वेगळ्या, त्या लिहूनही दिलेल्या असतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे खेळ बंद केला तरी गावातला काळ चालू राहतो. परत उघडला की मधल्या सगळ्या तासांचा हिशेब समोर येतो.

मी तो २००७ च्या पावसाळ्यात सुरू केला. पहिल्या दिवशी सगळ्यांना फळं तोडायला लावलं. अन्नाचा आकडा वाढत होता, मला फार बरं वाटत होतं. झुडपावरची फळं मोजकीच आहेत हे लक्षातच आलं नाही. ती संपली की शेती करायची, पण शेतीसाठी तंत्रज्ञानाचे गुण साठवून पुढची पातळी विकत घ्यावी लागते, आणि ते गुण मिळतात संशोधनातून. माझ्या गावात संशोधनाला एकही माणूस नव्हता. हे उमगलं त्याच संध्याकाळी पाऊस झाला आणि आमच्या गल्लीतली लाईट गेली. अंधारात बसून मी विचार करत होते की संगणक बंद आहे, पण तिकडे ते जेवतायत. आकडा खाली येतोय. कुठल्याही खेळाने तोवर मला असं अस्वस्थ केलं नव्हतं. रात्री साडेअकराला लाईट आल्यावर आधी गाव उघडलं आणि दोघांना टेबलाशी नेऊन बसवलं.

तुमची पहिली भेट कशी झाली ते लिहा. खेळ हाच हवा असं नाही, गाव वसवायचा कुठलाही चालेल.

सदाशिव पेठ

ताई, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. सगळी नोकरी हिशेबात गेली. नातवाने हा खेळ शिकवला. माझ्या नजरेत पहिल्यांदा भरलं ते मनुष्यबळाचं गणित. बाई बाळंत झाली की ती मूल कडेवर घेऊन फिरते, तेवढा काळ दुसरं कुठलंच काम करत नाही. पोरं तर लहानपणी कामाला येतच नाहीत, त्यांनी मशरूम उचलून आणायचे एवढंच. नातवाला वस्ती भराभर वाढवायची होती. त्याने एकदम तिघींच्या घरात पाळणा हलवला आणि त्यातल्या एकीला जुळं झालं. खाणारी तोंडं वाढली, हात तीन कमी झाले. मी वहीत दोन रकाने आखून त्याला दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसून बघत होता. तिसरीतल्या मुलाला इतकं नीट मी दुसऱ्या कशाने समजावू शकलो नसतो.

मग एक दिवस शाळेतून येऊन त्याने खेळ उघडला तर त्यांच्यातला सर्वात म्हातारा गेलेला. नुसता सांगाडा उरला होता. तोच गावातला वैद्य. त्याच्या हाताखाली दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं. गावातल्या एकाने जाऊन त्याला पुरलं. नातू काही बोलला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन विचारलं, "आजोबा, तुम्हाला जे येतं ते मला कधी शिकवणार?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज अर्धा तास पाढे आणि व्याजाची गणितं करतो. पावकी, निमकी, पाऊणकीसुद्धा.

पिंपळे सौदागर

नवीन लोकांसाठी एक सूचना. यात वेग दुप्पट करायची सोय आहे. मी तो दुप्पट ठेवून ऑफिसला गेलो, त्या दिवशी कामाचे चौदा तास झाले. घरी आलो तेव्हा अन्न शून्यावर. दूर जायचं असेल तर गाव थांबवून मग बाहेर पडा, म्हणजे ते तसंच राहतं. मला हे पहिलं गाव गेल्यावर कळलं. त्या गावातल्या दोन जणांची नावं मी माझ्या मित्रांवरून ठेवली होती, त्यामुळे जास्त लागलं.

हडपसर

माझी सुरुवात याच कंपनीच्या आधीच्या खेळाने झाली, २००४ च्या 'फिश टायकून'ने. तिथे गावाऐवजी माशांची टाकी, पण घड्याळ तसंच खरं. खाऊ घालायला विसरलात तर मासे मरतात. दोन जातींच्या जोड्या लावून नवी जात काढायची आणि शेवटी सात जादुई मासे शोधायचे. नववीतल्या माझ्या मुलीला आनुवंशिकतेचा धडा यामुळे गोडीने वाचावासा वाटला. गावाचा खेळ नंतर आला, पण माझा जीव त्या टाकीत जास्त आहे.

वारजे

मी 'बॅनिश्ड'बद्दल लिहितो. २०१४ चा खेळ, ल्यूक होडोरोविच या एकट्या माणसाने बनवलेला. यात संगणक बंद केला की गावही थांबतं, त्यामुळे ताईंच्या अनुभवापेक्षा वेगळं आहे. पण गाव काय असतं हे मला कुठल्याही खेळाने दाखवलं असेल तर याने.

हद्दपार झालेली काही कुटुंबं, थोडं बियाणं, थोडी अवजारं आणि समोर हिवाळा. पैसा हा प्रकारच नाही. व्यापारी होडीतून येतो, त्याला सरपण द्या, कातडी द्या, बदल्यात बियाणं किंवा जनावरं घ्या. माझं मूळ गाव जुन्नरकडे. आजी सांगायची की बलुतेदाराला धान्यच द्यायचे. तो व्यवहार मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो इथे.

पहिला हिवाळा पार पडला. मग मी सात-आठ घरं एकदम बांधली आणि थांबलो, आता पुरे म्हणून. बरीच वर्षं सगळं छान. कोठार भरलेलं, तक्रार कुणाची नाही. मग हळूहळू शेतात माणसं कमी दिसायला लागली. खेळाचा नियम असा आहे की मुलं मोठी झाली तरी रिकामं घर मिळाल्याशिवाय वेगळी होत नाहीत, आणि वेगळी झाल्याशिवाय त्यांना मुलं होत नाहीत. घरं मी बांधली नव्हती. तरुण मंडळी आईवडिलांकडेच राहिली, एकदमच म्हातारी झाली. आणि मग दर हिवाळ्यात दोन-तीन माणसं जायला लागली. कोठारात धान्य होतं, पण ते पेरायला आणि काढायला माणूस नव्हता. तोवर घरं बांधूनही उपयोग नव्हता, कारण मूल होण्याचं वय सगळ्यांचंच उलटलेलं.

मला आमच्या वस्तीवरची शाळा आठवली. मी होतो तेव्हा आम्ही चाळीस जण. मागच्या वर्षी गेलो तर पटावर सहा. तिथे घरं आहेत, कुलूप लावलेली. आम्ही सगळे पुण्यात आहोत. खेळातला आणि खरा प्रश्न एकमेकांच्या उलट आहेत, हे मला मान्य आहे. पण दोन्हीकडे शेवट दिसतो तो सारखाच, म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी वडिलांना फोन करून विचारलं, आपल्या घराची कौलं यंदा शाकारायची का. ते हो म्हणाले. मे महिन्यात त्यासाठी चार दिवस राखून ठेवलेत.

नवीन गाव सुरू केलं तेव्हापासून दरवर्षी एक घर, हा माझा नेम आहे.

कोथरूड

वारजेकर दादा, तुमचं वाचून दोनदा थांबले. कौलं झाली का तेही लिहा.

आजोबा, तुमची ती दोन रकान्यांची वही भाचीला दाखवायला आवडली असती. ती काल सोलापूरला परत गेली. जाताना गाव थांबवायचं राहूनच गेलं. रात्री नऊला तिचा फोन आला, "मावशी, गाव थांबवलंस ना?" मी खरं ते सांगितलं आणि फोन कानाला धरूनच संगणक लावला. तिला एकेक वाचून दाखवलं: माणसं अकरा, अन्न अजून आहे, टेबलाशी दोघी बसल्यात, झुडपावर फळं थोडीच राहिलीत.

"मग एकीला शेतावर पाठव," ती म्हणाली. "शेती विकत घेतलीये मी."

पाठवली.