मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल एकाच लाइनमध्ये का नकोत?

हिवाळी_चिमणी:
एडमंटनला राहते, त्यामुळे आइस हॉकीत इथल्या ऑइलर्स संघाशिवाय गत्यंतर नाही. माझा प्रश्न असा की मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल हे एवढे दोन जबरदस्त फॉरवर्ड एका संघात असताना कोच त्यांना बहुतेक वेळ वेगळ्या लाइनमध्ये (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटात) का ठेवतो? एकत्र आले की समोरच्यांची तारांबळ उडते, हे मलाही दिसतं. आणि बचावात एकहोम-बुशार्ड ही जोडी एवढी लाडकी का?

नाक्यावरचा_गोली:
पिछाडीवर असाल तर आणा एकत्र. एरवी नको, हे माझं ठाम मत. मॅकडेव्हिड सामन्याच्या साठ मिनिटांतली साधारण बावीस मिनिटं बर्फावर असतो. ड्रायसायटलही त्याच मिनिटांत खर्च केला, तर उरलेल्या वेळात गोल कोण करणार?

२०२५ ची फ्लोरिडाविरुद्धची स्टॅनली कप फायनल आठवा. फ्लोरिडाची तिसरी लाइन होती मार्शंड, लुंडेल, लुओस्टारिनेन. मार्शंडने त्या मालिकेत ६ गोल ठोकले. तिसऱ्या लाइनवर असा माणूस! त्यांच्यापुढे आपली सगळी पुंजी एकाच लाइनवर लावायची म्हणजे बाकीच्या तीन लाइन वाऱ्यावर सोडायच्या. त्यात मनगटाच्या दुखापतीने आपला फॉरवर्ड हायमन बाहेर. चौथ्या सामन्यात ०-३ वरून ५-४ जिंकलो, ओव्हरटाइमचा गोल ड्रायसायटलचाच, पण असे चमत्कार रोज होत नाहीत.

आता जोडी. एकहोम डावा, बुशार्ड उजवा. दोघंही आपापल्या बाजूला खेळतात, त्यामुळे बोर्डलगत (मैदानाच्या कडेच्या भिंतीलगत) आलेला पक फोरहँडवर मिळतो आणि पहिला पास पटकन निघतो. पण खरी गंमत स्वभावात आहे. बुशार्डला पुढे घुसायची खाज, आणि एकहोम मागे पहारा देतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नॅशव्हिलकडून एकहोमला आणताना आपल्या बॅरीला तिकडे दिलं, म्हणून पॉवर प्लेवरची (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाची) बॅरीची जागा बुशार्डला मिळाली. एका व्यवहारात दोन कामं झाली. गेल्या काही वर्षांतला ऑइलर्सचा सगळ्यात शहाणा सौदा, माझ्या मते.

मांजर_प्रेमी (होय, फ्लोरिडावाला):
लाइन कागदावर बघून काय उपयोग राव? समोर कोण आहे ते बघा. खेळ थांबला की खेळाडू बदलताना शेवटचा बदल घरच्या संघाच्या हातात. आमच्याकडे सामना असला की मॅकडेव्हिड उतरताच समोर आमचा बार्कोव्ह आणि मागे बचावाला फोर्सलिंग-एकब्लाड. फोर्सलिंगला तर २०२१ मध्ये कॅरोलायनाने वेव्हर्सवर (हवा त्या संघाने उचलावा अशा यादीत) सोडलं होतं, आम्ही फुकट उचलला.

नाक्यावरचा_गोली:
शेवटच्या बदलाचं एवढं कौतुक नको. त्याच फायनलमध्ये तुम्ही एडमंटनला येऊन दोन सामने जिंकलात, तेव्हा शेवटचा बदल आमच्याकडे होता! बहुतेक बदल खेळ चालू असतानाच होतात, तिथे कोण कुणासमोर हे कुणाच्याच हातात नसतं.

हिवाळी_चिमणी:
मग मी नेमकं बघू काय?

नाक्यावरचा_गोली:
दुसरा पिरियड. बाजू बदलल्यामुळे आपला गोल बेंचपासून लांब जातो, दमलेल्या जोडीला बाहेर पडता येत नाही. त्यात आइसिंग केलं (आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला मारला) की बदलही करता येत नाही, तेच पाच जण पुन्हा फेसऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला. तेव्हा पकवरची नजर काढून १४ आणि २ नंबर बघा, एकहोम आणि बुशार्ड. १४ नंबर बोर्डकडे गेला की २ नंबर गोलसमोर येतो का, एवढंच.

हिवाळी_चिमणी:
बघते. नवरा मात्र मॅकडेव्हिड-ड्रायसायटलला एकत्रच खेळवा म्हणून टीव्हीवर ओरडत राहणार.