‘अ‍ॅनिमल्स’ कंटाळवाणा?

या चर्चेत वर दोघा-तिघांनी ‘द वॉल’ला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा सर्वोत्तम अल्बम ठरवून त्यांच्याच १९७७च्या ‘अ‍ॅनिमल्स’ला लांबण म्हणून निकालात काढलंय. अहो, सवाई गंधर्व महोत्सवात मांडी घालून विलंबित ख्याल ऐकणाऱ्या पुण्यात ‘अ‍ॅनिमल्स’मधल्या ‘डॉग्ज’ या गाण्याची १७ मिनिटं जड व्हावीत? त्यात बँडचा गिटारिस्ट गिल्मरची गिटार ज्या सावकाशीने चिडत जाते, त्याची सर ‘वॉल’मध्ये मला फक्त ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गाण्याला येते. बाकी ‘वॉल’ दोन तबकड्यांवर उगाच पसरलाय. एकीत मावला असता. (आता या शिव्या द्यायला.)

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘सेंट अँगर’ अल्बमची (२००३) बाजू घेणाऱ्यांना मात्र साष्टांग नमस्कार. त्यातला स्नेअर ड्रम तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखा वाजतो, आणि कर्क हॅमेटसारखा गिटारिस्ट बँडमध्ये असून अख्ख्या अल्बमभर एक गिटार सोलो नाही! त्यांच्याच आधीच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये न्यूस्टेडची बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही, ही तक्रार मान्य. पण गाणी इतकी तगडी आहेत की पुण्याच्या सिटी बसच्या खडखडाटातही हेडफोनवर पुरून उरतात.

आणि मेटालिकाच्याच ‘लोड’ अल्बमवर इतकं तुटून पडू नका. १९९६ साली त्यांनी केस कापले, याचाच राग जास्त दिसतोय. त्यातलं ‘ब्लीडिंग मी’ एकदा नीट ऐका, मग बोलू.