विकी चालेल, पण पानाला धनी पाहिजे

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची मराठी माहिती सगळी विकीवर, म्हणजे कुणालाही बदलता येणाऱ्या वेबपानांवर टाका, ज्याला जमेल तो सुधारील, असं काहीजण सुचवतात. लातूरला आमच्या कॉम्प्युटर लॅबसाठी लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या मराठी नोंदी आम्ही अशाच ठेवल्या होत्या. पहिला महिना जत्रा, नंतर शुकशुकाट. पोरं पान वाचून मेनू शोधायलेत आणि नव्या आवृत्तीत तो भलतीकडंच!

आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहितो: कोणत्या आवृत्तीवर तपासलं, कधी, आणि पान कोणाकडं आहे. जुनं वाटलं की थेट त्याला फोन. लिबरऑफिसच्या मूळ मार्गदर्शिकांतही एकेक प्रकरण वेगळ्या फाइलीत असतं. एकाचं रखडलं तरी दुसऱ्याचं अडत नाही. हे आम्हाला उशिरा सुचलं. लिबरऑफिसच्या मदतपानांचं भाषांतर मात्र वेबलेट या ऑनलाइन भाषांतराच्या साधनावरच करा. वेगळी मराठी प्रत हातानं सांभाळली की मूळ मजकूर कधी बदलला ते कळतच नाही.

स्वतःचा प्रकल्प असेल तर कमांड, सेटिंग यांची माहिती कोडसोबत गिटमध्येच (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. कोड बदलणाऱ्यानं त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा अशी विनंती) त्या माहितीची ओळही बदलायची, नाहीतर मर्ज नाही, म्हणजे बदल मूळ कोडात घ्यायचा नाही. फॉन्टची रडगाणी विकीवर राहू द्या, तिथंच शोभतात. आणि पीडीएफ प्रत काढाच. आमच्याकडं लाइट गेली की राउटरही जातो.