पाड्यावर एकट्याने मुक्काम: निरोप देऊन की थेट?

कोपरीकर
मुरबाड-शहापूरच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर एकट्याने जाणाऱ्याने आधी कळवलंच पाहिजे, असा आग्रह बरेच जण धरतात. मला तो पटत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोरमला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना आत जायचा सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे ठाकर, महादेव कोळी, वारली पाड्यांवर जायला तशी अट नाही. दहा जणांचा गट उतरला की चूल अडते. एकटा माणूस ओसरीवर मावतो. कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे गाडी बदलून पायथा, आणि उजेड असताना पाड्यात पाऊल. एवढं पाळलं की पुरे.

ऐरोली_भटकंती
साफ असहमत. मार्चनंतर विहीर तळाला जाते. मग बाया पहाटेच्या अंधारात झऱ्याच्या खड्ड्याशी बसतात. पाणी इतकं कमी की वाटी बुडत नाही. ती आडवी धरून, गाळ न ढवळता, एकेक वाटी हंड्यात ओतायची. असा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. पाहुण्याच्या एका आंघोळीत तो हंडा रिकामा. आणि घरचे "नको" म्हणणार नाहीत! दारात आलेल्याला परत पाठवायची तिथे रीत नाही. फोनवर मात्र "आत्ता नको, पाऊस लागल्यावर या" असं सांगता येतं. निरोप द्यायचा तो त्यांना नाही म्हणता यावं म्हणून.

कोपरीकर
पाण्याचं मान्य. मार्च ते मे थेट जाऊ नये. पण फोन करायचा कुणाला? रेंज टेकाडावर. नंबर सापडतो तो गाइडचा किंवा ज्याने पाट्या लावून जेवण-मुक्काम सुरू केलाय त्याचा. म्हणजे सगळे पैसे त्याच एका घरात, बाकी पाडा कोरडा.

ऐरोली_भटकंती
पोलीस पाटील, आशाताई, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. ग्रामपंचायतीत विचारलं की यातला एक तरी नंबर मिळतो. दोन-तीन दिवस आधी सांगा, निरोप पोचतो.

घणसोलीची_ताई
पैशाचा मुद्दा कोपरीकरांचा बरोबर आहे, पण थेट गेल्याने तो सुटत नाही. जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात द्या, घेऊन आलेल्या माणसाच्या नव्हे. वर शिधा न्या: अर्धा किलो तांदूळ, पाव किलो डाळ, पाव लिटर तेल, चहा-साखर. चॉकलेटं अजिबात नकोत, पोरांना हात पसरायची सवय लागते. वह्या द्यायच्या तर गुरुजींकडे.
कातकरी वाड्यांचं वेगळं. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दारांना कड्या, मागे म्हातारी माणसं. त्यांच्याकडे मुक्काम मागूच नये. लावणीच्या दिवसांतही तेच. दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री तुमच्यासाठी पुन्हा भाकऱ्या थापणार.

कोपरीकर
मग उरतात कापणी-झोडणी आटोपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस. तेवढ्यात तरी थेट जाऊ द्या! गावाला सगळं आधी ठरवून या म्हणणं हा शहरी हिशेब झाला.

ऐरोली_भटकंती
नाही. एकट्याला घोणस किंवा फुरसं चावलं तर उतरवणार कोण? 108 ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथवर झोळी करून चार माणसं तुम्हाला नेणार, त्यांचा रोज बुडणार. सापाचं इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात. आपण कुठे आहोत हे घरी आणि पोलीस पाटलांना ठाऊक हवंच.
आणि ती ओसरी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. उंदीर धान्यामागे येतात, साप उंदरांमागे. शिध्याची पिशवी उशाशी ठेवू नका. मच्छरदाणी न्या, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, आणि रात्री बाहेर जाताना बॅटरी लावूनच पाय खाली टाका.