दोन रंगांचा मोठा खडा घेऊन बसलेय. पदक करू की अंगठी?

मोसंबीचा_मळा (जालना)

नमस्कार मंडळी. पोस्टातून निवृत्त झाले आणि मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच राजस्थान फिरून आले. जयपूरच्या जोहरी बाजारात बाकीच्या कुंदनाच्या कानातल्यांवर तुटून पडल्या आणि मी एका दुकानात कागदाच्या पुडीतल्या एका खड्यापाशी अडकले. अमेट्रीन म्हणे. अर्धा जांभळा, अर्धा मधासारखा पिवळा, मधोमध सरळ रेघ. चौकोनी, कोपरे कापलेले. 22 बाय 16 मिलिमीटर, 26 कॅरेट. घासाघीस करून साडेनऊ हजाराला घेतला. आमचे हे म्हणाले, "एवढ्यात चांदीचं काही आलं नसतं का?" आलं असतं.

पण आयुष्य एका ग्रॅमचे टॉप्स नि काळी पोत यांत गेलं. आमच्याकडे खडा घालायचा तो पत्रिकेत काही बिघडलं म्हणून, तोही बोटात लपेल एवढा. हा मला नुसता आवडला. सकाळी खिडकीशी धरला की पिवळ्यातला उजेड जांभळ्यात उतरतो आणि हलवला की रेघेजवळ गुलाबीसर झाक मारून जाते. रोज एकदा तरी पुडी उघडते.

आता अडचण. जाऊबाई म्हणतात जांभळा शनीचा, पिवळा गुरूचा, दोघं एकाच दागिन्यात बसवले की घरात भांडणं. आणि सोनार बघताक्षणी म्हणाला, "ताई, फसवलं तुम्हाला. असे दोन रंग देव एका दगडात घालत नाही." खरंच फसले का? आणि खरा असेल तर याचं करू काय?

सराफ्यातला_पोऱ्या (नांदेड)

ताई, देव घालतो. तुमच्या सोनारानं बघितला नसंल एवढंच. आमच्याकडं पण वर्षात एखादा येतो.

आधी वजन करा. 26 कॅरेट म्हणजे 5.2 ग्रॅम भरलं पाहिजे. कॅरेटचंच बोला, रत्ती गावागणिक बदलती. (आणि गिऱ्हाईक कायम घोळ करायलेत म्हणून सांगतो: सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, खड्याचा वजनाचा.) मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन खडा आडवा धरून बघा. दोन तुकडे चिकटवलेले असले तर जोड दिसतो, त्यात बारीक बुडबुडे दिसतात. रेघेवरून नख फिरवा, अडकायला नाही पाहिजे. पण कारखान्यातला असला तर या कशानंच कळत नाही. तसला माल रशियात 1994 पासून निघायलाय, त्यातही असेच दोन रंग. तिथं प्रयोगशाळेचाच दाखला लागतो.

आता महत्त्वाचं. खडा बसवल्यावर झाळकाम (तापवून सांधे जोडणं) करू देऊ नका. जांभळा भाग 400-500 अंशांपर्यंत तापला की पिवळा पडतो, मग दोन रंगांचा खडा एका रंगाचा व्हायचा. तडकायची भीती वेगळीच. खड्याचं घर (कोंदण) आधी पुरं करायचं, पॉलिश करायचं, खडा शेवटी. पाठ उघडी ठेवायला सांगा. आपल्याकडं जुनी माणसं खाली पत्रा घालून बंद करतात, त्यानं हा खडा मरून जाईल. मी असतो तर चांदीत केलं असतं. सोन्यात करायचंच तर 18 कॅरेटात, 22 चं सोनं मऊ, चार नख्यांवर एवढं धूड पेलायचं नाही.

काळा_पाषाण (छत्रपती संभाजीनगर)

महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

हा क्वार्ट्झच. म्हणजे आपली गारगोटी, फक्त नशीबवान. जांभळा आणि पिवळा, दोन्ही रंग त्यातल्या लोहामुळे येतात. स्फटिक वाढताना त्याच्या वेगवेगळ्या बाजूंवर लोह वेगळ्या तऱ्हेने बसतं. पुढे जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्साराने काही बाजू जांभळ्या होतात आणि शेजारच्या पिवळ्या राहतात. अख्खा स्फटिक आडवा कापला तर रंग पाचरींसारखे आलटून पालटून दिसतात. तुमची सरळ रेघ म्हणजे त्यातली एक सीमा नेमकी मध्ये धरणाऱ्या कारागिराची करामत. म्हणून तर असा खडा मोठाच हवा. पाच मिलिमीटरच्या तुकड्यात दोन रंग नुसते गढूळ दिसतात.

नैसर्गिक माल मुख्यतः बोलिव्हियातल्या अनाही खाणीतून येतो. सतराव्या शतकात एका स्पॅनिश सरदाराला ती खाण अनाही नावाच्या राजकन्येशी लग्न करताना हुंड्यात मिळाली, अशी दंतकथा आहे. हुंड्याची कीड कुठकुठपर्यंत, बघा.

आपल्याकडेही विहिरी खणताना बेसाल्टच्या काळ्या खडकात पोकळ गोटे निघतात, आत फिकट जांभळे स्फटिक. पण दोनरंगी मी पाहिला नाही. दगडाच्या दागिन्यांचा नाद मात्र इथे जुना आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात सातवाहन काळातले मणी बघून या.

जाऊबाईंना सांगा, ज्योतिषातही गुरू आणि शनी एकमेकांचे शत्रू नाहीत, सम आहेत. मी मानत नाही, पण त्या मानतात ना!

हळदीची_वाट (परभणी)

मी उलटं बोलणार. एवढा मोठा खडा दिसतो छान, घालवत नाही. माझी जांभळ्या खड्याची अंगठी होती, याच्या निम्म्याने. पीठ मळताना काढा, भांडी घासताना काढा, ओढणीत अडकते, तीन वर्षांत वरच्या कडा घासून बोथट झाल्या. क्वार्ट्झचा कठीणपणा दहापैकी 7, आणि आपल्या धुळीत त्याच जातीचे कण. नुसत्या पदराने पुसलं तरी घासतं. देवघराच्या खिडकीत ठेवायची, तिथे वर्षानुवर्षं ऊन लागून रंगही उतरला. अंगठी करायची तर कपाटासाठी करा.

मोसंबीचा_मळा (जालना)

सगळ्यांचे आभार. वजन 5.21 भरलं. पाण्यात जोड दिसला नाही. दाखल्यासाठी खडा पाठवतेय, पण खरं सांगू का, कारखान्यातला निघाला तरी मी मोडीत काढणार नाही. जाऊबाई "सम" या शब्दावर गप्प झाल्या, मास्तरांना साष्टांग.

अंगठीचा विचार सोडला. चांदीत पदक, पाठ उघडी, वर छोटी कडी, काळ्या गोफात. सोनाराला झाळकामाचं सांगितलं तर म्हणाला, "मला शिकवायलात का ताई?" मग मीही म्हटलं, शिकवायलेय.

आता त्याने वेगळंच विचारलंय आणि दोन दिवस मी अडकलेय. खडा उभा बसवायचा तर वर जांभळा की पिवळा?

सराफ्यातला_पोऱ्या (नांदेड)

पिवळा खाली घ्या. साडीवर उजेड पडतो.

हळदीची_वाट (परभणी)

पिवळा वर. गळ्याजवळ जांभळा काळपट दिसतो. आणि उभा कशाला, आडवाच बसवा की.